सड्यावरच्या दोन खोल्या

आमच्या गावात उडण्याला कुणाची हरकत नाही. डोंगरमाथ्यावरच्या सड्यावरून, उघड्या कातळाच्या पठारावरून, माणसं पॅराग्लायडर बांधून धावत सुटतात, समुद्रावर तरंगतात आणि खाली पुळणीच्या वाळूत उतरतात, तेव्हा पार पूर्णगडपर्यंतची पोरं माना वर करून बघतात. मोकाट गुरांनाही हरकत नाही, ती आपली कातळावरचं सुकलेलं गवत ओरबाडत असतात. हरकत आहे ती संडासाला.

सडा आमचा आहे. म्हणजे सगळा नव्हे, पण जिथून उडता येतं तो समुद्राकडचा कातळ माझ्या सासऱ्यांच्या नावावर आहे. पिकत काहीच नाही, म्हणून पिढ्यान् पिढ्या कुणी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. रत्नागिरीचा हर्षद तिथे पहिल्यांदा ग्लायडर घेऊन आला, दुपारचा समुद्राचा वारा बघून वेडा झाला आणि फ्लाइंग क्लब निघाला. मी शाळेत पी.टी. शिकवते. पोरांना कोलांट्या मारायला लावणाऱ्या बाईला उडायची हौस वाटली तर नवल नाही. मी शिकले. आता नव्यांना मीच धावायला शिकवते.

यंदा क्लबने ठरवलं, नुसत्या ताडपत्रीखाली किती दिवस बसायचं? पक्कं काहीतरी बांधू. ग्लायडर ठेवायला शेड, पाण्याची टाकी, वारा बघत बसायला कट्टा. पुरुषमंडळींच्या यादीत फोटो काढायचा लाकडी डेकसुद्धा होता. मी म्हटलं, आधी बायकांसाठी संडास आणि कपडे बदलायची खोली. उरलं तर डेक.

"ताई, ते नंतर बघू ना," हर्षद म्हणाला.

"तू नंतर बघ. तुला सगळी करवंदीची जाळी मोकळी आहे."

सकाळी सड्यावर चढलेली बाई संध्याकाळी खाली उतरेपर्यंत पाणी का पीत नाही, हे हर्षदच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. ऑक्टोबरच्या उन्हात कोरड्या घशाने कॉलेजच्या मुली हवेत जायच्या. एक तर चक्कर येऊन धावता धावताच बसली. त्या दिवशी मी ठरवलं, डेक गेला खड्ड्यात.

कातळ फोडायला ब्रेकर आणला, टाकीचा खड्डा केला आणि चिऱ्यांच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या. वर पत्रा, आत नळ, दाराला आतून कडी. मला त्या खोल्या बघून जेवढा आनंद झाला तेवढा पहिल्यांदा उडताना झाला नव्हता. आणि मग गावाला देवी आठवली.

नवलाई आमची ग्रामदेवता. शिमग्यात ती पालखीत बसून घरोघर जाते आणि मग सड्यावरच्या एका दगडावर टेकते, तिथून गावाची हद्द बघते अशी समजूत. तो दगड खोल्यांपासून हाकेच्या अंतरावर. पालखीचे मानकरी भिकाजी यांनी मला देवळात बोलावून घेतलं. सगळे मानकरी बसले होते. मी उभीच राहिले.

"देवीच्या वाटेवर संडास चालायचा नाय," भिकाजीकाका म्हणाले.

"काका, गुरं तिथेच शेण टाकतात. आणि पालखीबरोबर वर आलेले पुरुष झुडपामागे जातात ते काय करायला? आरती म्हणायला?"

दोघेतिघे हसले आणि लगेच गंभीर झाले.

"ते उघड्यावर असतं. वाऱ्यापावसानं जातं. बांधलेलं कायम रवतं."

या तर्कापुढे मी हात टेकले. उघड्यावरचं पवित्र आणि कडी लावून केलेलं विटाळाचं. मी म्हटलं, जमीन आमची, परवानगी घेतलेली, खोल्या राहणार. तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "मग पालखी तुमच्या घरात यायची नाय. शिमग्याच्या आत पाडा, नायतर देवी दारावरून पुढं जाईल."

बाहेरच्या माणसाला हे काय मोठं वाटणार? पण आमच्याकडे लोक नोकऱ्या टांगणीला लावून पालखीसाठी मुंबईहून येतात. ज्याच्या अंगणात पालखी आली नाही ते घर गावात असून नसल्यासारखं. आणि आमच्या घरात त्या पालखीची वाट सगळ्यात जास्त कोण बघत असेल तर माझ्या सासूबाई, विमला. मी त्यांना आई म्हणते. लग्न होऊन आल्यापासून नवलाईची एकही ओटी त्यांनी चुकवलेली नाही. तापात फणफणत असतानाही त्या दारात ताट घेऊन उभ्या राहिल्या होत्या. माझं उडणं मात्र त्यांच्या लेखी खूळ. "माणसाला पाय दिलेत ते कशाला?" एवढंच त्यांचं मत, आणि तो कातळ कसा बदललाय हे बघायला त्या एकदाही वर आल्या नव्हत्या.

मी घरी येऊन सगळं सांगितलं. आईंनी ऐकलं आणि त्या तांदूळ निवडत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

नवरा, ओमकार, शिमग्याला मुंबईहून आला तो तडजोड खिशात घालूनच. "हो म्हणून टाक. शिमगा झाला की कोण बघतंय? फार तर पत्रा काढू, परत घालू."

"आणि पुढच्या शिमग्याला?"

"पुढचं पुढे."

"मी खोटं बोलणार नाही आणि पत्राही काढणार नाही. तुझा मान राखायला त्या पोरींनी परत तहानलेलं राहायचं?"

"माझा नाही गो, आईचा," तो म्हणाला. तेच तर मला रात्रंदिवस खात होतं. माझ्या हट्टाची शिक्षा त्यांना होणार होती. तरी मी माघार घेतली नाही. हर्षदचाही फोन आला, क्लब खोल्या पाडायला तयार आहे म्हणाला. मी सांगितलं, ब्रेकर आणलास तर आधी माझ्यावरून चालव.

पालखीच्या दिवशी आई पहाटेच उठल्या. अंगण सारवलं, रांगोळी काढली, पाट मांडला. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, सगळं ताटात रचलं. मी सकाळी सड्यावर जाऊन खोल्यांना कुणी हात लावला नाही ना ते बघून आले होते आणि ट्रॅकपँट नि क्लबच्या जॅकेटवर तशीच अंगणात उभी होते. त्यांचं ते रचलेलं ताट बघवेना.

ढोल जवळ आले. पालखी आमच्या बेड्यापाशी, अंगणाच्या फाटकाशी, येऊन थांबली. देवीची चांदीची रूपं, म्हणजे मुखवटे, उन्हात चमकत होती. भिकाजीकाका पुढे झाले. सगळा गाव मागे.

"ज्ञानेश्वरी, शेवटचं विचारतो. पाडीन म्हण. देवी आत येईल."

एक शब्द होता. माझ्या जिभेवर आला नाही असं म्हणणार नाही. ओमकार माझ्याकडे बघत होता, सासरे ओसरीवरून बघत होते. आईंकडे बघायचा मला धीर झाला नाही.

"नाही पाडणार," मी म्हटलं.

ढोल थांबले. आणि आई ताट घेऊन बेड्यापर्यंत चालत गेल्या.

"भिकाजी, तुझी आवस आणि मी सड्यावर गवत कापायला जायचो. ठाऊक हाय?"

"हाय ना वैनी."

"सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नव्हतो. का ते ठाऊक हाय?"

काका पालखीकडे बघू लागले.

"भारा डोक्यावर आणि पोटात कळा. तुझ्या आवशीला लघवीचं दुखणं लागलं ते मरेपर्यंत. तुला सांगितलं नसेल तिनं. बायका सांगत नायत. ने पालखी पुढं."

"वैनी, वरसाची ओटी चुकंल."

"चुकणार नाय." त्या वळल्या आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "पदर धर गो."

पदर कुठला? मी जॅकेटची कड दोन्ही हातांनी पसरली. आईंनी मला कुंकू लावलं. मग गावादेखत, पालखीदेखत, खण घातला, नारळ घातला, ओंजळीने तांदूळ घातले. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"वैनी, ही देवीची ओटी हाय," काका कसेबसे म्हणाले.

"हाय ना. पण तिला तू पुढं नेतोस. मग मी भरू कुणाची?"

खांदेकरी जागच्या जागी पाय बदलत राहिले. मागच्या बायकांमधलं कुणीतरी हुंदका देऊन रडलं, मी वळून पाहिलं नाही. आईंनी रिकामं ताट ओमकारच्या हातात दिलं आणि पायात चपला सरकवल्या.

"चल," त्या मला म्हणाल्या, "मला दाखव त्या खोल्या."

पालखीच्या पुढे चालायचं नसतं. आम्ही दोघी बेड्यातून बाहेर पडलो आणि तिच्यापुढून सड्याच्या चढणीला लागलो.