लाँड्रीच्या गाडीची धिंड

मित्रांनो, तुमच्या घरातली चड्डी कधी भर चौकातून मिरवली आहे का? नाही ना? मग माझं गाऱ्हाणं नीट ऐका.

मी जुनी गाडी आहे, पण अब्रूदार. पहिली अकरा वर्षं मी लाँड्रीत काढली. हॉटेलांच्या चादरी, डॉक्टरांचे कोट, सगळं दार घट्ट लावून पोचवलं. एक रुमालसुद्धा कधी बाहेर डोकावू दिला नाही. मग एका सुतारानं मला विकत घेतलं. माझ्या पोटात पलंग, कपाट आणि घडीचं टेबल बसवलं. त्याच्या बायकोनं पडदे शिवले. लोक मला फिरतं घर म्हणायला लागले.

आता सुतार नाही. त्याची बायको आजी झाली आणि मी डबडं झाले. डबडं हा शब्द त्यांच्या मुलाचा. टेबलाचा पाय तीन वर्षं डुगडुगत होता, तो त्याला दिसला नाही. सगळे मला घेऊन ट्रिपला निघाले, तेव्हा ही ट्रिप झाली की मला भंगारात द्यायचं त्यानं ठरवलं होतं. भंगारवाल्याच्या नंबरची चिठ्ठी त्यानं माझ्याच काचेवर चिकटवली. म्हणजे मी ती रस्ताभर वाचत यायचं. काय म्हणावं या माणसाला!

वाटेत एक शहर लागलं. मुलगा म्हणाला, दोन तासांत उरकून टाकू. शहर म्हणजे काय आंघोळ आहे, उरकायला? त्याच्याकडे अकरा ठिकाणांची यादी होती. सून आणि नात बूट घालून तयार झाल्या. आजींचे गुडघे दुखत होते. त्यांनी कानातलं मशीन काढून टेबलावर ठेवलं आणि मागच्या पलंगावर आडव्या झाल्या.

आता या घरची एक रीत आहे. मी थांबले रे थांबले की माझ्या आरशापासून जवळच्या खांबाला दोरी बांधायची आणि ओले कपडे वाळत घालायचे. इथं खांब मिळाला, त्यावर पाटीही होती. 'येथे वाहन उभे करू नये.' मुलानं ती वाचली नाही. तिच्यावर चादर वाळत घातली. माझा नुसता जळफळाट झाला, पण आपला हॉर्न आपण वाजवायची सोय नाही.

थोड्या वेळानं गाड्या उचलणारा ट्रक आला. त्यावरच्या माणसानं चादर बाजूला केली, पाटी वाचली आणि त्याला कोण आनंद झाला. आत कुणी आहे का म्हणून त्यानं तीनदा दार वाजवलं. आजींचं मशीन टेबलावर, आजी पलंगावर. माणूस मोठा व्यवस्थित. कपडे मातीत पडू नयेत म्हणून त्यानं दोरी खांबावरून सोडून माझ्या मागच्या शिडीला बांधली. मग माझी पुढची चाकं उचलली आणि निघाली माझी धिंड. अकरा वर्षं सांभाळलेली अब्रू, आणि सगळ्यात पुढे मुलाची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, झेंड्यासारखी.

धक्क्यानं आजी जाग्या झाल्या. त्यांना वाटलं, मुलगाच चालवतोय. पलंग तिरपा झालाय, त्याचंही काही वाटलं नाही. तो चालवतोच तसं. त्यांनी पडदा सरकवला, थर्मासमधला चहा ओतून घेतला आणि खिडकीशी बसल्या. ट्रक रमतगमत चालला होता. घड्याळाचा मनोरा गेला, जुना पूल गेला, फुलबाजार, तळं, एकेक मागे पडत गेलं.

ते तिघं अजून राजवाड्याच्या रांगेतच होते. लोकांच्या डोक्यावरून मुलाला काहीतरी फडफडताना दिसलं.

"अगं, मिरवणूक आहे बहुतेक," तो बायकोला म्हणाला. "थांब, फोटो काढतो."

"बाबा," नात म्हणाली, "ती चड्डी तुमची आहे. आणि खिडकीत आजी आहे."

आजींनी हात हलवला. ते तिघं पळत सुटले.

उचललेल्या गाड्या ठेवायच्या आवारात मला आणलं, तिथला साहेब आजींना बघून घामाघूम झाला. माणसासकट गाडी उचलायची नसते. त्यानं हात जोडले, आम्हाला दंड न घेता जायला सांगितलं, फक्त कुणाला सांगू नका म्हणाला. तेवढ्यात मुलगा धापा टाकत आला आणि त्यानं माझ्या चाकाला लाथ मारली. हे डबडं आजच भंगारात काढतो म्हणाला.

आजींनी शांतपणे मशीन कानात घातलं आणि ट्रकवरच्या माणसाकडून पाटीची हकीकत ऐकून घेतली.

"पाटीवर चादर कुणी टाकली रे? गाडीनं?"

मुलानं माझ्या चाकापासून पाय मागे घेतला.

"यादीतलं किती बघितलंत?"

"रांग," नात म्हणाली.

आजींनी पेन मागून घेतलं आणि यादीवर आठ खुणा केल्या. मग म्हणाल्या, "पलंग खिडकीशीच हवा म्हणून तुझे बाबा किती भांडले होते माझ्याशी. आज पटलं." त्यांनी काचेवरची चिठ्ठी काढली, चार घड्या घातल्या आणि टेबलाच्या पायाखाली सरकवली. टेबल डुगडुगायचं थांबलं. ती चिठ्ठी काढायची अजून कुणाची हिंमत झालेली नाही.

तेव्हा मित्रांनो, जुन्या गाडीला लाथ मारण्याआधी खांबावरची पाटी वाचत जा. आणि ती चड्डी अजून माझ्या दोरीवरच आहे. आता वाळली असेल. काढा कुणीतरी.