खालच्या रॅकमधली बाटली

ताटांवर पांढरी पुटं राहायला लागली तेव्हा मुलाने सगळं खापर बाबांवर फोडलं. रिटायर झाल्यापासून जेवणानंतर डिशवॉशर लावायचं काम बाबांनी हौसेने अंगावर घेतलं होतं. "चला, महाराणींच्या आंघोळीची वेळ झाली," असं मशीनला लाडाने म्हणत ते बाह्या सरसावायचे.

"बाबा, तुम्ही मूठमूठ पावडर ओतता. आता हातच लावू नका मशीनला," मुलगा सगळ्यांदेखत खेकसला.

"अरे, मापाच्या चमच्यानेच घालतो मी," बाबा म्हणाले.

मग मुलगा स्वतः मशीन लावायला लागला. पावडर निम्मी केली, जाळी घासली, पाणी जास्त गरम केलं. पुटं तशीच. शेवटी वैतागून त्याने वरच्या रॅकखालचा, पाणी फवारणारा पंखा हाताने फिरवून पाहिला. तो ठक्कन अडला. खालच्या रॅकमध्ये उभी असलेली त्याचीच जिमची उंच बाटली मध्ये येत होती. बाबांनी सगळं नीट रचल्यावर तोच ती रोज घाईघाईत कोंबायचा. पंखाच फिरत नव्हता, तर पावडर धुतली जाणार कशी?

बाटली काढल्यावर ताटं लख्ख निघाली. त्यातलं एक घेऊन तो बाबांकडे गेला.

"बाबा, चूक माझीच होती. आजपासून महाराणी परत तुमच्याकडे."

बाबांनी ताटावरून बोट फिरवलं. "मस्त निघालंय रे. पण तूच लाव. मला आता उगाच धास्ती वाटते."

आणि आपला चहाचा कप हातानेच विसळायला ते सिंककडे वळले.