बदललेला शेवट

खमैसने पुस्तक पाटावर आपटलं तशी मिरच्यांचे देठ खुडायचा आवाज थांबला.

"शेवटची पानं काढ," तो म्हणाला. "आणि या खेपेला छापलंय ते वाच."

दलेंदा काही बोलली नाही. खमैसला दिसत नसलं तरी सुनेच्या गप्प बसण्याचे सगळे प्रकार त्याला पाठ होते. रुसवा निराळा, दमणूक निराळी. हे आजचं गप्प बसणं चोरी पकडली गेल्याचं होतं, आणि त्यामुळे त्याच्या तळपायाची आग आणखीच मस्तकात गेली. कॅफेपासून घरापर्यंत तो पुस्तक काखेत मारून, भिंती चाचपत, काठी आपटत एकटा आला होता. तिजानी मास्तरांनी हात धरायला पुढे केला तेव्हा त्याने तो झटकून टाकला होता.

खरं तर या दोघांसारखी सासरा-सून सगळ्या महदिया शहरात शोधून सापडली नसती. खमैसने सगळी हयात मासळीच्या कारखान्याचा ट्रक चालवण्यात घालवली. डबे भरून होईपर्यंत बाकीचे ड्रायव्हर पत्ते कुटायचे, हा स्टिअरिंगवर कादंबरी टेकवून वाचत बसायचा. बायको लवकर गेली. मुलगा नौफल पुस्तक दिसलं की जांभई द्यायचा. त्या नौफलने लग्न करून आणलेल्या बायकोच्या सामानात रजया-भांड्यांबरोबर कादंबऱ्यांची दोन पोती निघाली. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. खमैसने मात्र रजयांकडे ढुंकून न बघता आधी पोत्याचं तोंड सोडलं.

तेव्हापासून दोघांचा एक नेम होता. पुस्तक दोघांनी संपवल्याशिवाय त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, आणि मग मत सांगायचं ते अगदी तोंडावर, भीडभाड न ठेवता. कित्येकदा भांडण इतकं पेटायचं की नौफल जेवण अर्धं टाकून उठायचा आणि म्हणायचा, जी माणसं जगात नाहीतच त्यांच्यापायी माझी कोशिंबीर का सांडता. पुढे साखरेच्या आजाराने खमैसचे डोळे नेले आणि दलेंदा मोठ्याने वाचून दाखवायला लागली. दुपारी अंगणात ती वाचायची, तो हाताला लागेल ते काम करत ऐकायचा.

आणि चार उन्हाळ्यांपूर्वी नौफल गेला. इटलीला जायचं म्हणून गल्लीतल्या तिघांबरोबर एका रात्री नावेत बसला. नाव पोचली नाही. बुडाली म्हणावं तर मृतदेह नाही, जगला म्हणावं तर एक फोन नाही. मृतदेह नाही म्हणून दफन नाही, फातिहाची प्रार्थना नाही, दुखवट्याचं जेवण नाही. दलेंदाची आई दर ईदला यायची आणि सांगायची, कोर्टात जा, मोकळी झाल्याचा कागद करून घे, तुझं वय काय नि तू बसली आहेस काय. दलेंदा ऐकून घ्यायची आणि जेवायला तीन चमचे मांडायची. कुसकुसच्या, म्हणजे वाफवलेल्या रव्याच्या, मोठ्या परातीत एक चमचा सासऱ्याचा, एक आपला, एक नौफलच्या बाजूला. त्या बाजूला मासळीचा चांगला तुकडाही ठेवायची. जेवण झालं की तो तुकडा मांजराला जायचा. या घरात 'नौफल आला की' असंच बोलायची रीत पडली होती. दुसरा शब्द कुणी उच्चारला नव्हता.

खमैसला तो शब्द केव्हाचा कळून चुकला होता. पण बाप होता तो. स्वतःच्या मुलाबद्दल तो शब्द पहिल्यांदा काढायला जीभ उचलत नव्हती. आणि तो काढल्याशिवाय ही पोर इथून हलणार नाही, तीन चमचे मांडता मांडता म्हातारी होईल, हेही त्याला दिसत होतं. मग त्याने एक युक्ती केली. कॅफेत तिजानी मास्तर एका नव्या कादंबरीबद्दल बोलत होते. चार पोरं नावेत बसतात आणि चौघंही बुडतात. खमैसने ती त्यांच्याकडून मागून घरी आणली. त्याला वाटलं, पुस्तक सांगेल, मग मत द्यायच्या निमित्ताने आपण बोलू, भांडू, रडू, आणि एकदाची ती गोष्ट घरात येईल.

दलेंदाने आठवडाभर वाचली. शेवटच्या दुपारी तिने वाचलं की धाकट्या पोराला कोळ्यांनी बाहेर काढलं, आणि त्याने ओल्या अंगानेच आईला फोन लावला.

खमैस थक्क झाला. मास्तर सांगत होते ते काय, आणि हे काय. त्यांनी वाचायच्या आधीच बडबड केली असेल, असं म्हणून त्याने सगळा राग लेखकावर काढला. भिकार कादंबरी आहे, म्हणाला. लेखक भित्रा आहे, जन्मात कधी घोट्याच्या वर पाण्यात गेला नसेल. त्यावर दलेंदा अशी काही उसळली की ज्याचं नाव ते. माणसं मारल्याशिवाय तुम्हाला पुस्तक पटतच नाही, असं म्हणाली आणि दोन दिवस न बोलता त्याच्यापुढे परात नुसती सरकवत राहिली. एका पुस्तकासाठी एवढं काय, हे त्याला तेव्हा समजलं नव्हतं.

आज कॅफेत समजलं. तो लेखकाला शिव्या घालत होता, तेवढ्यात मास्तर म्हणाले, "भित्रा कसला? चौघंही बुडवलेत की त्याने." खमैस हट्टाला पेटला. चहाची पैज लागली. खमैसने परत केलेलं पुस्तक मास्तरांनी आपल्या घरून मागवून घेतलं आणि शेवटचं पान सगळ्यांदेखत वाचलं. आधी हशा पिकला. खमैसची सून दुसरीच कादंबरी वाचते वाटतं, असं कुणीतरी म्हणालं. मग एकदम सगळे गप्प झाले, कारण सगळ्यांना एकाच वेळी नौफल आठवला. चहावाल्याने चहाचे पैसे घेतले नाहीत. तोंडघशी पडणं खमैसने सोसलं असतं. ती कीव त्याला सोसवली नाही.

"किती दिवस चाललंय हे?" त्याने आता विचारलं.

"काय?"

"वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस. हिवाळ्यात वाचलेल्या त्या पुस्तकातली आई. इस्पितळातून घरी आली होती ती?"

"नाही."

"वारली?"

"हो."

"आणि तो पाववाला? कालव्यातून पोहून निघालेला?"

दलेंदाने एका मिरचीचा देठ खुडला. "तोही."

"म्हणजे पुस्तक वाचत नव्हतीस तू, दवाखाना चालवत होतीस." खमैसचा आवाज चढला. "मी आंधळा झालो म्हणून मला कुकुलं बाळ समजलीस? जेवण भरव, गोष्ट सांग, झोपव. अगं, डोळे गेले तरी माझं मत शाबूत होतं. तेवढं एक उरलं होतं माझ्याजवळ. चार माणसांत बसून मी छातीठोकपणे बोलत होतो, आणि कशावर, तर तू रचलेल्या थापांवर."

"थापा तर थापा," दलेंदा म्हणाली. "तुमचं काय वाकडं झालं?"

"काय वाकडं झालं? ते पुस्तक मी मुद्दाम आणलं होतं. ठाऊक होतं मला त्यात काय आहे ते. म्हटलं, मला म्हणवत नाही, तर पुस्तक म्हणेल."

मिरच्यांची पाटी जमिनीवर आदळली.

"पुस्तक म्हणेल?" दलेंदा उठून उभी राहिली होती. तिचा आवाज कधी चढत नसे, आताही चढला नाही, पण असा थरथरत होता की खमैसने नकळत मान वर केली. "पुस्तकाला तोंड असतं का, बाबा? वाचणार कोण होतं? तुम्हाला बसल्या जागी ऐकायचं होतं. मला ते माझ्या तोंडाने म्हणायचं होतं. पाणी नाकातोंडात गेलं, हे मी म्हणायचं. त्याने आईला हाक मारली आणि कुणाला ऐकू गेली नाही, हे मी म्हणायचं. तुमचा मुलगा होता, तुमच्याच्याने म्हणवलं नाही, आणि माझ्यावर ढकललंत. वर माझ्या शेवटाला भिकार म्हणालात."

 खमैसने उघडलेलं तोंड तसंच मिटलं. ती 'होता' म्हणाली होती. चार वर्षांत पहिल्यांदा. तिच्या ते लक्षात आलं की नाही, कोण जाणे.

बाहेर गल्लीत कुणीतरी मोटारसायकल चालू करायला बघत होतं, ती काही केल्या चालू होत नव्हती.

"राहू दे," अखेर खमैस म्हणाला. "नको वाचूस. मी कॅफेत ऐकलंय."

"नाही, आता वाचणार," दलेंदा म्हणाली. तिने पुस्तक ओढून घेतलं. "त्या चहा पिणाऱ्यांच्या तोंडून ऐकलंत, आता घरात ऐका."

आणि तिने वाचलं. रागाने वाचायला लागली, भराभर, एखाद्याच्या अंगावर भांडी फेकावीत तशी. मग वेग कमी झाला. धाकटा पोरगा नावेच्या कडेला लटकला होता तिथे ती थांबली आणि तिने तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून घेतलं. एकही शब्द गाळला नाही. खमैस दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ऐकत होता. मास्तरांच्या आवाजात ते कादंबरीतलं पोर होतं. दलेंदाच्या आवाजात ते नौफल होतं, त्याच्या जांभयांसकट, सांडलेल्या कोशिंबिरीसकट. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्याने ते पुसलं नाही.

पुस्तक मिटल्याचा आवाज आला. नेमाप्रमाणे आता मत सांगायचं होतं. कुणीच सांगितलं नाही. दलेंदा आत गेली, तिने तोंड धुतलं, आणि थोड्या वेळाने परात आणून मध्ये ठेवली.

मासळीच्या रश्शाचा वास आला. खमैसने रोजच्यासारखी परातीच्या काठावरून बोटं फिरवली. हा त्याचा चमचा. हा तिचा. बोटं पुढे सरकली, दाराच्या बाजूच्या काठावर आली आणि तिथे नुसता गार काठ लागला. त्याने पुन्हा चाचपलं. ज्या गोष्टीसाठी त्याने ते पुस्तक घरात आणलं होतं ती मिळाली होती, आणि आता त्याचा हात तिथून उचलत नव्हता.

"पाणी देऊ का, बाबा?" दलेंदाने विचारलं.

त्याने नको म्हटलं. त्या बाजूच्या कुसकुसमध्ये मासळीचा तुकडा मात्र होता. सवयीने तिने ठेवला असावा. खमैसने तो बोटांनी शोधला, त्यातला मोठा काटा काढून बाजूला टाकला, आणि तुकडा हळूहळू सरकवत परातीच्या तिच्या बाजूला नेला.

"खा," तो म्हणाला. "गार होतंय."