डावा दांडा

"तुम्ही खोटं लिहिलंत, साहेब," धाकटा म्हणाला आणि त्याने पान्याने डाव्या दांड्याचा नट आवळला.

खोलीत साहेब नव्हते. साहेब कुठल्यातरी मोठ्या इमारतीत, गार हवेत बसले असतील आणि धाकटा नावाचा कुणी माणूस जगात आहे हे विसरूनही गेले असतील. हे वाक्य धाकटा रोज म्हणायचा. कधी दांड्याला, कधी भिंतीला, कधी दाढी करताना आरशाला. फक्त जेवताना म्हणत नसे. साहेबाला ताटावर बसवायचं नाही, असं ताईने बजावलं होतं.

ताई खाली फरशीवर बसून पायाने दाबायचा पायटा जुळवत होती. ती शिलाई मशीन दुरुस्त करायची. पुढची खोली दुकान, मागची घर, आणि मधल्या खोलीत आता रणगाडा. म्हणजे रणगाड्याची बैठक. मोडीत निघालेल्या गाडीची सीट, नळाच्या पाइपचे दोन दांडे, त्यांना सायकलच्या मुठी, दार आपोआप लावणाऱ्या यंत्राच्या स्प्रिंगा आणि ॲक्सिलरेटर म्हणून जुन्या शिलाई मशीनचा लोखंडी पायटा. दांडा किती सरकला हे संगणकाला कळावं म्हणून दोन मेलेल्या रेडिओंच्या आवाजाच्या खुंट्या काढून दांड्यांच्या बुडाशी बसवल्या होत्या. समोर पडदा आणि पडद्यावर रणगाडा चालवायचा तो खेळ. खेळांच्या दुकानात लोक असे खेळ बटणं दाबून खेळतात. धाकट्याला बटणं नको होती. त्याला ओढायला दांडे हवे होते.

ताईचा नवरा, म्हणजे धाकट्याचे दाजी, पहिल्या दिवशी दारात उभे राहून बघत राहिले होते. मग म्हणाले होते, "शेजाऱ्यांवर तोफ रोखायची असेल तर आधी सांग बाबा. आपली शिडी त्यांच्याकडे आहे, ती तेवढी आणून ठेवतो."

धाकटा तेव्हा हसला होता. घरी परत आल्यापासून पहिल्यांदा. म्हणून ताईने या पसाऱ्याला हरकत घेतली नाही.

घडलं होतं ते असं. धाकटा लष्करात रणगाडा चालवायचा. सरावाच्या दिवशी सकाळी त्याची गाडी सुरू होईना, म्हणून ऐन वेळी त्याला दुसरी दिली. ती वस्तादांची गाडी. वस्ताद म्हणजे सगळ्या चालकांना शिकवणारे. कित्येक वर्षं ती गाडी त्यांनीच चालवली होती. उताराच्या टोकाला डावीकडे वळायचं होतं. वळायचं तर डावा दांडा ओढायचा. धाकट्याने ओढला, तो अर्ध्यावर आला आणि दातात दात बसावा तसा बसला. जितका ओढावा तितका रुतत गेला. त्याने उजवा दांडा सोडून डाव्याला दोन्ही हात लावले. गाडी सरळ बांधावरून पाण्यात गेली. धाकटा पुढच्या झाकणातून निघाला. मागे तोफेत गोळे भरणारा पोरगा होता, सतत शीळ घालायचा म्हणून सगळे त्याला शिट्टी म्हणायचे. तो निघाला नाही.

चौकशी झाली. गाडी पाण्यातून काढली, धुतली आणि भंगारात घातली, तीही चौकशी संपायच्या आत. दांड्यात दोष नव्हता, चालक घाबरला, त्याने दांडा पुरता ओढलाच नाही, असं चौकशी करणाऱ्या साहेबांनी अहवालात लिहिलं. कशावरून? तर वस्तादांनी सांगितलं, इतक्या वर्षांत माझ्या हाताखाली तो दांडा एकदाही अडकला नाही. झालं. वर बसलेल्यांचं एक बरं असतं. मेलेला बोलत नाही आणि वाचलेल्याचं कुणी ऐकत नाही. लोखंडाचा दोष काढला तर लोखंड विकत घेणाऱ्यांपर्यंत जावं लागतं. माणसाचा दोष काढला की माणसाला घरी पाठवलं, विषय मिटला.

धाकटा घरी आला तो भांडत आला. दांडा अडकला होता, शपथेवर सांगतो, असं भेटेल त्याला सांगत सुटला. पण एकच गोष्ट शंभर जणांना सांगितली आणि शंभरांनीही मान हलवून विषय बदलला की सांगणारा स्वतःच आपल्या गोष्टीकडे संशयाने बघायला लागतो. एका दुपारी चहाचा कप तसाच गार होऊ देऊन तो ताईला म्हणाला होता, "ताई, अडकलाच नसेल तर? मीच घाबरलो असेन तर?"

दुसऱ्या दिवशी ताई मोडीतून पाइप घेऊन आली.

ज्या पत्र्याच्या फटीतून डावा दांडा पुढेमागे सरकायचा, त्या फटीच्या आतल्या कडेला तिने कानशीने खाच पाडली. धाकटा दांडा ओढून बघायचा आणि म्हणायचा, अजून थोडी. ती घासायची. अजून थोडी. शेवटी दांडा अर्ध्यावर जाऊन असा बसला की धाकट्याचा चेहराच पांढरा पडला. "हां," तो म्हणाला. "अस्साच."

पण ताईच्या मनात तेव्हापासून कुसळ रुतून राहिलं होतं. खाच तिने पाडली, तीही त्याच्या सांगण्यावरून. खरी होती म्हणून पाडली, की भावाला हवी होती म्हणून? कानशीला काय, जिथे फिरवाल तिथे लोखंड खाते.

खेळातल्या एका नकाशात तसाच उतार होता आणि टोकाला नदी. धाकटा रोज तो उतार उतरायचा. रोज दांडा अडकायचा, रोज तो दोन्ही हातांनी ओढायचा, रोज पाण्यात जायचा. ताई एकदा म्हणाली होती, ती खाच बुजवून टाकू का? तो तिच्याकडे असा बघायला लागला की तिने पुन्हा विषय काढला नाही.

मध्येच दाजींनी कौतुकाने या सगळ्याचा व्हिडिओ काढला आणि दिला सोडून. तो फिरत फिरत जुन्या चालकांपर्यंत गेला आणि एक दिवस वस्तादांचाच फोन आला. आता निवृत्त झालो आहे, मोकळाच असतो, रविवारी येतो तुझी गाडी बघायला.

ताई भडकली. त्यांचं तोंड बघायचं नाही, उंबऱ्यातूनच वाटेला लावते म्हणाली. धाकटा शांत होता. इतका शांत की तिला भीती वाटली.

"येऊ दे," तो म्हणाला. "उतारावर बसवू त्यांना. खाचेचं सांगायचं नाही. तेही पाण्यात गेले तर कुणीही गेलं असतं. माझ्यापुरतं तेवढं बस आहे."

"आणि नाही गेले तर?"

तो पान्यावरचं ग्रीस पुसत राहिला. "मग साहेबांनी खरं लिहिलं."

वस्ताद आले ते हातात सफरचंदांची पिशवी घेऊन. ताईच्या डोक्यात जो माणूस होता तो धिप्पाड आणि आडदांड होता. हा तर केस पांढरे झालेला, चप्पल दाराबाहेर नीट जोडून ठेवणारा माणूस. त्याने धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. ताईला राग धरून ठेवायला कष्ट पडले, याचाही तिला राग आला.

बैठक बघून मात्र वस्तादांच्या डोळ्यांत लहान पोर उतरलं. दोन्ही मुठी हाताळल्या, पायट्यावर पाय ठेवून बघितला, हे कुणाचं डोकं म्हणून विचारलं. ताईचं, असं कळल्यावर, शिलाई मशीनवर रणगाडा चालवणारी बाई मी पहिल्यांदाच बघतोय, असं म्हणाले. दाजी लगेच म्हणाले, घरही तीच चालवते, आम्ही आपले गोळे भरणारे. म्हणून गेले आणि जीभ चावून चहाच्या निमित्ताने आत निघून गेले.

वस्ताद सीटवर बसले. धाकटा त्यांच्या मागे पडद्याकडे तोंड करून उभा राहिला. ताई नेहमीसारखी खाली पायट्याजवळ बसली, कारण पायट्याची दोरी अधूनमधून चाकावरून उतरायची आणि चालू खेळात कुणालातरी ती चढवावी लागायची.

गाडी सुरू झाली. वस्ताद चालवता चालवता बोलत होते. नव्या पोरांना काय सांगायचे, ते सांगत होते.

"हे दोन दांडे म्हणजे एक आई आणि एक बायको. एकीने ओढलं की तिकडे वळायचं. दोघींनी एकदम ओढलं, की गाडी जागच्या जागी उभी."

उतार आला. ताईचे हात दोरीवर होते, डोळे वस्तादांच्या पायांवर. गाडीने वेग घेतला. पडद्यावर नदी चमकली असावी, कारण मागे धाकट्याचा श्वास थांबल्याचं तिला ऐकू आलं. वस्तादांनी डावा दांडा ओढला. तो अर्ध्यावर आला आणि खाचेत बसला.

वस्तादांचा डावा गुडघा उचलला गेला, त्याचा दांड्याला आतून बाहेरच्या दिशेने टोला बसला, दांडा सुटला आणि पुरता मागे आला. पापणी लवते तितकंच. तोंडचं वाक्यसुद्धा तुटलं नव्हतं. गाडी बांधाच्या कडेने डावीकडे वळून सपाटीला लागली.

ताईने वर बघितलं. धाकट्याने फक्त पडदा बघितला होता. त्याने फक्त एवढंच बघितलं होतं की वस्ताद वळले. तो भिंतीला टेकला. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. पुसून घेतलेल्या पाटीसारखा चेहरा.

"झालं," तो हळूच म्हणाला. "माझंच चुकलं होतं."

वस्ताद मागे न बघता म्हणाले, "अरे, आपल्या हातून होतं कधीकधी. मनाला किती लावून घ्यायचं?" आणि ते खरंच मायेने म्हणाले, हे ताईला नंतरही नाकारता आलं नाही.

ती म्हणाली, "वस्ताद, तोच उतार परत एकदा."

"आता पुरे की. चहा येतोय ना?"

"एकदाच. दोरी नीट बसली का बघते." मग भावाला म्हणाली, "धाकट्या, इकडे ये. माझ्याजवळ खाली बस. पडद्याकडे बघू नकोस."

तो आला. तिच्या शेजारी उकिडवा बसला आणि तिने बोट दाखवलं तिकडे बघत राहिला.

वस्ताद पुन्हा उतार उतरायला लागले. आता शिट्टीबद्दल बोलत होते. किती गुणी पोर, कशी शीळ घालायचा, एकदा तर भर परेडमध्ये... आणि दांडा खाचेत बसला, गुडघा उचलला गेला, टोला बसला, दांडा सुटला.

धाकट्याने ताईचं मनगट धरलं. इतकं घट्ट की तिच्या बांगडीचा वळ उठला.

"परेडमध्ये काय?" ताईने विचारलं.

वस्ताद हसत खाली बघायला वळले आणि त्यांना ते दोघं दिसले. दोघंही पडद्याकडे बघत नव्हते. ते कुठे बघताहेत ते बघायला वस्तादांनी मान खाली घातली. त्यांचा गुडघा अजून दांड्याला टेकलेला होता.

त्यांनी तो सावकाश बाजूला घेतला. दुसऱ्याच्या घरातली वस्तू नकळत हातात आली आहे, असं लक्षात यावं, तसा. मग हात लांबवून दांडा पुढे सोडला आणि पुन्हा ओढला, या वेळी नुसत्या हाताने. दांडा अडकला. त्यांनी जोर लावला. दांडा आणखी रुतला. त्यांच्या मानेवरची शीर फुगली. दाजी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभे राहिले होते.

"इतकी वर्षं..." वस्ताद म्हणाले.

"मला सांगितलं नाहीत तुम्ही," धाकटा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. रस्ता विचारावा तसा म्हणाला. "त्या सकाळी मी गाडीत चढताना तुम्ही झाकणाशी उभे होतात. डिझेल भरलंय म्हणालात. पाणी पिऊन घे म्हणालात. हे नाही सांगितलंत."

वस्तादांचे डोळे आपल्याच गुडघ्यावर होते. तो गुडघा त्यांना आज पहिल्यांदा दिसत होता, की चोरी पकडली गेल्यासारखे ते त्याच्याकडे बघत होते, हे ताईला कळेना. तिने जन्मभर यंत्रं उघडली होती. बिघाड कुठे आहे ते ऐकून सांगायची. या माणसाचं तिला कळेना, आणि ते कळल्याशिवाय त्याला या दारातून जाऊ द्यायची तिची तयारी नव्हती.

ती उठली, दाजींच्या हातातून ट्रे घेतला आणि बाजूला ठेवला. चहा कुणाला दिला नाही. मग येऊन वस्तादांच्या समोर, पडदा झाकला जाईल अशी उभी राहिली.

"साहेबांना नंतर बघू," ती म्हणाली. "आधी तुम्ही. तुमच्या गाडीचा दांडा अडकत होता, म्हणूनच हा पाय असा उचलायला शिकला. अडकतो हे ठाऊक असून चौकशीत लपवलंत, की पाय आपोआप चालत होता आणि तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं? शिट्टीच्या आईलाही हेच विचारायचं असेल. यातलं कुठलं, वस्ताद? बोला."