अकरावी एकादशी

रुपचंद नाना गाडीची किल्ली देण्याआधी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत. "पोटमा काय शे?" पोटात काय आहे ते सांगितल्याशिवाय त्यांच्या ट्रकच्या पायरीवर पाय ठेवता येत नसे. पस्तीस वर्षं लांबच्या रस्त्यांवर काढलेला माणूस, आता धुळ्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आम्हाला जड गाडी शिकवत होता.

"दोन भाकरी आणि ठेचा," चिंधा म्हणाला. चिंधा साक्रीकडचा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, ट्रॅक्टरवर हात बसलेला.

"आन् तुना पोटमा, प्रेमराज भाऊ?"

"पोहे," मी म्हणालो. "आणि चहा."

शब्द तोंडातून गेला आणि कानशिलं तापली. त्या दिवशी एकादशी होती. आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंबसुद्धा माझ्या घशाखाली गेला नव्हता.

जळगावच्या एका डाळ मिलमध्ये मी एकवीस वर्षं मुकादम होतो. आमच्याकडच्या बायका डाळीतला खडा, काळा दाणा हाताने वेचायच्या. मग रंग ओळखणारं यंत्र आलं आणि बायकांबरोबर मुकादमाचंही काम संपलं. वय शेहेचाळीस. मिलचा छोटा टेम्पो चालवायचो, तेवढं हलक्या गाडीचं लायसन जवळ होतं. ज्योती, माझी बायको, म्हणाली, "चाक धरता येतं ना तुम्हाला? मग आता मोठं धरा."

त्याच आठवड्यात आमच्या पिंप्राळ्यात कीर्तन होतं. मी टाळ घेऊन बुवांच्या मागे उभा होतो. गजर असा काही चढला की माझे डोळे भरून आले, आणि मी मनातल्या मनात बोलून गेलो, पांडुरंगा, अकरा एकादशा निर्जळ करतो, या वयात मला कामाला लाव. मार्गशीर्षात सुरू केलं. थंडीत काही वाटलं नाही. दहा झाल्या. अकरावी आली ती भर मे महिन्यात, आणि नेमकी घाटाच्या दिवशी.

कोंडाईबारीचा घाट उतरवून दाखवल्याशिवाय नाना परीक्षेच्या कागदावर सही करत नसत. सही झाली तर सोमवारी आरटीओची परीक्षा. ती झाली तर दोंडाईच्याचा एक ट्रान्सपोर्टवाला आम्हा दोघांना घ्यायला तयार होता. सोमवार चुकला तर पुढची तारीख महिन्याने, आणि महिनाभर तो माझ्यासाठी गाडी उभी ठेवणार नव्हता. नानांना उपवासाचं सांगितलं असतं तर त्यांनी मला धुळ्यातच ठेवलं असतं. म्हणून पोहे.

साक्रीच्या पुढपर्यंत चिंधाने गाडी नेली. मी मधल्या सीटवर. इंजिनाची धग पायांना लागत होती आणि काचेतून येणारं ऊन मांड्या भाजत होतं. चिंधाने एका हाताने बाटली पुढे केली.

"घ्या दादा."

"नको. आत्ताच प्यालो."

"कधी? मी काय डोळे मिटून गाडी चालवतोय का?"

"रस्त्याकडे बघ," मी म्हणालो. नाना खिडकीबाहेर पाहत होते. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही.

घाटाच्या तोंडाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि मला चाकावर बसवलं. शिकवणीच्या गाडीला त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक होता. त्यावर पाय ठेवून ते म्हणाले, "ब्रेकवर नही, गिअरवर भरोसा ठेव. ज्या गिअरवर चढशी, त्याच गिअरवर उतर."

तिसऱ्यावर गाडी उताराला लागली. पहिली दोन वळणं नीट गेली. मी मनात नामस्मरण धरलं होतं, पण जीभ टाळूला चिकटलेली, मनातसुद्धा नाव कोरडं उमटत होतं. मग कानात एक बारीक शिट्टी सुरू झाली. आधी वाटलं, हवेचा पाइप गळतोय. मग कळलं, ती माझ्याच डोक्यात आहे.

पुढे एक प्रवासी जीप होती. मागच्या फळीवर एक म्हातारी आमच्याकडे तोंड करून बसलेली, मांडीवर नातवंड. जीप एकदम हळू झाली, तिच्यापुढे एक लादलेला कंटेनर रांगत होता.

"दुसरा," नाना म्हणाले.

मी क्लच दाबला, तिसरा काढला. आणि दुसरा कुठे असतो, हे मला आठवेना. महिनाभर रोज शंभर वेळा टाकलेला गिअर. हात दांड्यावर होता, पण हाताला बोटं नसल्यासारखं झालं. गाडी मोकळी सुटली. इंजिनाचा आवाज खाली बसला आणि चाकांचा वर आला. म्हातारी मोठी होत चालली. तिच्या कपाळावरचं गोंदण मला दिसलं.

नानांनी त्यांचा ब्रेक दाबला. हवा फुसकारली, वेगाचा काटा खाली आला. "दुसरा. डावीकडे, मांगे." ते ओरडले नाहीत. टाळ चुकल्यावर बुवा नुसती मान हलवून जागेवर आणतात तसं बोलले. हात आपोआप गेला. गिअर पडला, गाडीने अंग आवरलं. जीप पुढे निघून गेली. दोन्ही गाड्यांमध्ये फार तर चार हात राहिले असतील.

नाना म्हणाले, "होस असं पहिला खेपले. घाबरू नको. चाल, आते खरा घाट शे."

मला सगळं उमगलं ते त्या एका वाक्याने. नाना याला भीती समजत होते. एवढं माफ करणार होते. उरलेले तीन-चार किलोमीटर कसेही उतरवले तर खाली हॉटेलात बसून ते सही करणार होते. हे भीतीमुळे झालं नाही, हे त्या केबिनमध्ये फक्त मला माहीत होतं. आणि शिट्टी थांबली नव्हती. पुढचं वळण खाली दिसत होतं, त्याच्या कडा माझ्या डोळ्यांत हलत होत्या.

डाव्या हाताला डोंगराकडेला एक रुंद जागा आली. मी इंडिकेटर दिला, गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला.

"काय झायं?"

"नाना, मी पोहे खाल्ले नाहीत. काल रात्रीपासून पाणीपण नाही. निर्जळ एकादशी आहे. मी खोटं बोललो."

ते खाली उतरले, मागच्या दोन्ही चाकांना दगड लावले आणि पाण्याचा कॅन घेऊन माझ्या बाजूला आले.

"पी."

"अकरावी आहे नाना. ही झाली की संपलं. उद्या द्वादशीला सोडली की..."

"तुना देवनी मांगी व्हती का?"

"नाही. मीच बोललो होतो."

"मंग त्याले तूच सांग. मी आठे गाडी घेईसन उभा शे."

मी डोळे मिटले. हात जोडले नाहीत, नुसतेच मांडीवर ठेवले. म्हटलं, देवा, माझा शब्द मोडतोय. त्याच्या बदल्यात आणखी काही बोलत नाही. आणि प्यालो. पाणी कोमट, प्लास्टिकचा वास असलेलं. गळ्यातून उतरताना अक्षरशः दुखलं. चिंधाने पिशवीतून चार केळी काढली, सोलून एकेक हातात देत राहिला.

"पोहे म्हणे," तो म्हणाला. "निदान शिरा तरी सांगायचा होता, दादा. खोटंच बोलायचं तर."

तेवढ्यात ज्योतीचा फोन आला. "उतरलात का घाट?"

"अर्धा. पाणी प्यालो मी."

"बरं वाटतंय का आता?"

"हो. सही नाही व्हायची."

"सहीचं नंतर बघू. तुम्ही सावलीत बसा आधी."

अर्ध्या तासाने नानांनी चिंधाला चाकावर बसवलं. मी पुन्हा मधल्या सीटवर. गाडी सुरू करण्याआधी ते म्हणाले, "सोमवारले चिंधाना कागद जाई. तुना नही. तू गिअर चुकना म्हनीसन नही. मनासंगे लबाड बोलना म्हनीसन."

"हो नाना. खोटं बोललो मी तुमच्याशी."

"पुढला महिनामा परत घाट. दोंडाईचावाला थांबस का नही, ते मी सांगू शकत नही."

"हो."

चिंधाने गाडी सोडली. मघाशी माझ्या डोळ्यांत हललेलं ते वळण आलं. बाहेरच्या अंगाचा लोखंडी कठडा दोन ठिकाणी वाकलेला होता आणि डांबरावर टायरचे काळे ओरखडे थेट त्याच्यापर्यंत गेलेले. खाली सागाचं जंगल, उन्हाने पानं झडलेलं. दरीचा तळ दिसत होता.

नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, "सांग, आठे कोनता गिअर?"

"दुसरा."

"कव्हय?"

"वळणाच्या आधी. वळणात नाही."

"आयकं का रे चिंधा?"

"ऐकलं नाना. पण टाकला मी आधीच."

"मंग गप चालाड," ते म्हणाले, आणि पुढचं वळण दिसताच पुन्हा माझ्याकडे वळले.