मयुराच्या नावावर

मयुराने गळ्यातलं ओळखपत्र काढून मोहित सरांच्या हातात ठेवलं आणि तिची नोकरी गेली. मात्र असं काही घडलंच नाही, हे कंपनीने नंतर ठरवलं. तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

मिहानमधल्या त्या सॉफ्टवेअर कंपनीच्या बंद दारासमोर, मे महिन्याच्या उन्हात, सगळी टीम टाय लावून उभी होती. पुण्याहून आलेल्या मॅनेजर मोहित सरांचा हुकूम आजपासून लागू होता: तांत्रिक माणूस तांत्रिक दिसला पाहिजे. टाय हवा. डोक्याला दुपट्टा नको, सोबतही आणायचा नाही. एकटी मयुरा कोराडीहून स्कूटरवर, जांभळ्या दुपट्ट्यातून डोळे तेवढे उघडे ठेवून आली होती.

"टाय बांधून पाहिला सर," ती म्हणाली होती. "उन्हाले काही फरक पडला नाही."

नोकरी पक्की व्हायला आठवडा राहिला होता. तिच्या वडिलांनी, गणपतरावांनी, कॉलनीत पेढे आधीच वाटून टाकले होते. ती स्कूटरकडे वळली.

इकडे टीममधला सौरव दारावरच्या हजेरीच्या मशीनसमोर उभा राहिला. मशीनने त्याचा चेहरा नीट पाहिला आणि अनोळखी ठरवला. मग सोनिकाचा. मग सगळ्यांचेच.

"हे काय चाललंय?" मोहित सरांनी विचारलं.

"मशीन एप्रिलमध्ये लागलं सर. सगळ्यांचे फोटो इथंच, उन्हात काढले," सौरव म्हणाला. "तवा दुपट्टा कोण सोडते?"

मशीनने माणसं नाही, दुपट्टे लक्षात ठेवले होते.

"तुम्ही उभे राहून पाहा ना सर," सौरवने सुचवलं.

मोहित सरांचा चेहरा मशीनमध्ये नव्हताच. मॅनेजरने हजेरी द्यायची नसते, अशा समजुतीने ते रोज कुणाच्या तरी मागून आत शिरत. सिंगापूरच्या क्लायंटची मीटिंग आता सुरू व्हायची होती.

सौरव स्कूटरमागे धावला.

"थांब वं. सर बोलावून राहिले."

मयुरा परत आली. मोहित सरांनी नुसतं मशीनकडे बोट केलं.

"मले नाही जमत सर. बाहेरच्या माणसानं दार उघडायचं नाही. तुमचाच मेल आहे."

एवढं बोलून तिने दुपट्टा सोडला आणि त्यांच्यापुढे धरला. मोहित सरांनी टीमकडे पाहिलं. टीम आभाळाकडे पाहू लागली.

"नाकावरून घ्या सर," सोनिका आभाळाकडे पाहतच म्हणाली. "आन् कान झाका. कान दिसले तर ते मानत नाही."

दार उघडलं.

"सुप्रभात, मयुरा," मशीन मोहित सरांना म्हणालं.

आत जाता जाता त्यांनी ओळखपत्र मयुराच्या हातात परत ठेवलं. दुपट्टा मात्र परत आला नाही. इकडे ऊन फार आहे, असं संध्याकाळी ते म्हणाले.

मयुराची नोकरी पक्की झाली त्याच दुपारी तिने एचआरला अर्ज केला:

'महोदय, मोहित सर दररोज सकाळी वेळेवर माझ्या नावाने हजर राहतात. माझा नवीन दुपट्टा मशीन ओळखत नाही. सबब, उन्हाळा संपेपर्यंत मला घरी राहण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती. सर रजेवर असतील त्या दिवशी मी जातीने हजर राहीन.'