पांढऱ्या दोऱ्याची पंगत

दिव्याच्या पदवीचे भवितव्य बकरीच्या करडांच्या पोटात होते, आणि ही अतिशयोक्ती नव्हे. करडांना दुधातून एक तंतुमय भुकटी द्यावी. ती त्यांना स्वतःला पचत नाही, पण आतड्यातल्या हितकारक जंतूंना मेजवानी ठरते. मग हगवण टळते आणि प्रतिकारशक्ती वाढते, असा तिच्या प्रबंधाचा सिद्धांत होता. तो सिद्ध करायचा तर निम्म्या करडांना भुकटी द्यायची, निम्म्यांना नाही, आणि फरक दाखवायचा. तिच्या मार्गदर्शकांची सत्यावर श्रद्धा होतीच. फरकावर ती अंमळ अधिक होती.

म्हणून कुडव्याहून स्कूटीने ती सडक अर्जुनीजवळ बकऱ्या पाळणाऱ्या देवकाबाईच्या गोठ्यात आली. भुकटी घेणाऱ्यांच्या गळ्यात तिने लाल दोरा बांधला, न घेणाऱ्यांच्या गळ्यात पांढरा, आणि डबा देवकाबाईच्या हवाली केला.

"अन् पांढरेवाल्यायले काऊन नाही?"

"तुलना करायची आहे, मावशी."

"म्हंजे एकाच्या पानात वाढाचं, अन् बाजूच्यानं पाहत बसाचं?"

"शास्त्रात असंच असतं."

"मंग तुमचं शास्त्र कोनाच्या लग्नात जेवलं नसन."

दिव्या हसली आणि निघून गेली. यातली एकही गोष्ट तिने करायला नको होती.

आठवडाभराने मार्गदर्शक दिव्यासह पाहणीला अवतरले. लाल दोऱ्यांची करडे ठणठणीत होती. त्यांनी साहेबांच्या मोटारीच्या टपावर चढून सभा भरवली. पांढऱ्या दोऱ्यांची पोटे मात्र डफासारखी तट्ट फुगलेली. तीही उड्या मारत होती, पण प्रत्येक उडीला मागून स्वतंत्र वाद्यसंगत होती. त्यांतल्या एकाने तर साहेबांच्या बुटावर आपला पातळ अभिप्राय नोंदवला.

"पाहा! भुकटीविना आतड्यांची ही दशा!" साहेब बूट झटकत हर्षाने ओरडले. "ढळढळीत फरक! झाला तुमचा प्रबंध!"

दिव्याचे मन टपावरच्या करडांहून उंच उडाले, आणि तिथेच अडकले. असे पोट भुकटीविना फुगत नाही. भुकटी अती झाली की फुगते. तिने डबा उघडला. महिनाभर पुरायचा डबा रिकामा होता.

"मावशी, पांढऱ्यांना भुकटी दिली?"

"चिमूटभर. पंक्तिप्रपंच पाप असते वो बाई."

देवकाबाईचा नवरा श्यामलाल खाकरला. "मीबी देऊन राहिलो होतो. सकाळी. हिले न सांगता."

"अगाई!" दाराआडून सून चंदा किंचाळली. "मी तं तुमा दोघायपासून चोरून देऊन राहिली होती!"

"म्हंजे लालवाल्यायले एक वाटा, अन् बिचाऱ्यायले तीन?" देवकाबाईने तोंडात पदर कोंबला, पण हसू मावेना. तेवढ्यात एका बिचाऱ्याने पुन्हा वाद्य वाजवले, आणि श्यामलाल पोट धरून खाटेवर बसला.

साहेब तेवढे गंभीर राहिले. विद्वत्ता आयुष्यात एकदाच आवाज खाली आणते, आणि तो क्षण सहसा असाच असतो. "हे कुणी ऐकलेलं नाही," ते कुजबुजले. "फरक तर दिसतोच आहे."

दिव्याने क्षणभर पदवी पाहिली, मग ते फुगलेले पोट. "फरक उलटा आहे, सर. मी तो तसाच कळवीन."

"मग एक वर्ष गेलं तुमचं," असे म्हणून साहेब मोटारीत बसले. टपावरचे एक करडू वळणापर्यंत त्यांच्यासोबत गेले, मग उडी मारून परत आले.

वर्ष गेले होते, तरी दिव्याला हसू आवरेना. डोळे पुसत ती म्हणाली, "मावशी, लग्नात पंगती दोन उठतात ना?"

"उठतात. गर्दी असली तं तीन."

"यांची पोटं उतरू द्या. मग आधी लाल जेवतील, पांढरे थांबतील. नंतर पांढरे जेवतील, लाल थांबतील. तुलनाही होईल, आणि उपाशी कुणीच उठणार नाही."

"दुसऱ्या पंगतीले उरलंसुरलं तं नाही वाढशीन?"

"तीच भुकटी, तेच माप."

देवकाबाईने नवऱ्याकडे पाहिले, सुनेकडे पाहिले, आणि रिकामा डबा दिव्याच्या हातात ठेवला.

"जमते. पन वाढाले तूच येत जाय. आमचा काही भरोसा नाही."